निकाल बरोबरीत लागेल, असे लिहून द्यावे

संस्कृती टिकवायची असेल तर तिला आत घालून बाहेरून कुलूप लावावं, असं आमच्या कोंडघळ ग्रामपंचायतीचं ठाम मत आहे. नसरापूरहून वेल्ह्याकडे निघालात की उजव्या हाताला एक पिवळी इमारत लागते. तिच्या कपाळावर लाल अक्षरांत ‘सांस्कृतिक भवन’ असं लिहिलंय. खाली काळ्या फरशीवर उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विशेष निमंत्रित आणि ज्यांची उपस्थिती लाभली ते सगळे कोरलेले आहेत. ज्यांची लाभली नाही तेही आहेत, कारण फरशी आधी तयार झाली होती. दाराचं कुलूप इतकं दणदणीत, की परगावची माणसं तिथं सोन्याचं दुकान आहे का म्हणून विचारतात.

मी रोज या दारावरून भोरला टेलिफोन कचेरीत नोकरीला जात असे. आपली संस्कृती सुरक्षित आहे या विचारानं मला बरं वाटत असे. तेवढ्यावर थांबलो असतो तर आज गावात मान वर करून हिंडलो असतो.

पण दोन हजार तीन सालच्या दिवाळीनंतर एका सकाळी एसटी यायची होती, म्हणजे नेहमीप्रमाणे येत नव्हती, आणि मी फाट्यावरच्या टपरीत चहाला बसलो. शेजारच्या बाकावर दोन म्हातारे भांडत होते. एक फारूकभाई. महामार्गालगत त्यांचं गाद्या भरायचं दुकान आहे, त्यामुळे त्यांच्या भुवयांवर बारमाही कापूस असतो. दुसरे गेनबा. त्यांचं रान गुंजवण्याच्या धरणाखाली गेलं तेव्हापासून ते आमच्या गावात मेव्हण्याच्या आसऱ्याला राहत होते. या दोघांचं भांडण पंचक्रोशीत ठाऊक होतं. दोघंही भेदिक गाणारे शाहीर. भेदिक म्हणजे डफावर थाप मारून एकानं गाण्यात कोडं घालायचं आणि दुसऱ्यानं ते गाण्यातच सोडवायचं. गेनबा कलगीवाले, म्हणजे शक्ती मोठी म्हणणारे. फारूकभाई तुरेवाले, म्हणजे शिव मोठा म्हणणारे. उभं आयुष्य दोघं यावर भांडले होते आणि निकाल लागला नव्हता.

त्या दिवशी मात्र भांडणात दम नव्हता. मी विचारलं, “काय झालं?”

“ह्यो चालला,” फारूकभाई म्हणाले. “दौंडकडं. लेकाला तकडं जमीन मिळालीया. पुढचा आयतवार झाला की टेंपोत बसनार आन जानार.”

“मंग काय करू? म्या एकटा हितं काय धरणाचं पानी मोजत बसू?” गेनबा म्हणाले. “जायच्या आदी एक बारी व्हायला पायजे हुती. पर गायाचं कुटं? चावडी व्हती, ती रस्त्यात ग्येली.”

आता इथं शहाण्या माणसानं चहा संपवून गप्प बसायचं असतं. मी म्हणालो, “अहो, आपलं सांस्कृतिक भवन आहे की! मी बोलतो ग्रामपंचायतीत. काय दहा मिनिटांचं काम.”

घरी आल्यावर ही हकिगत सांगितली तर आमची सरोज भाजी निवडायची थांबली. “दहा मिनिटं म्हणालात?” तिनं विचारलं. एवढंच. पण लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांतली माझी दहा-दहा मिनिटांची कामं तिच्या डोळ्यांसमोरून एका ओळीत गेलेली मला दिसली.

ग्रामसेवक कोंढाळकर हा तसा सभ्य माणूस. तो नाही म्हणत नाही. तो ‘तरतूद नाही’ म्हणतो.

“भवन हवंय? लग्न आहे का?”

“नाही. भेदिकाचा कार्यक्रम.”

“बारसं, साखरपुडा, वाढदिवस, यापैकी काही?”

“भेदिक. गाणं. सांस्कृतिक कार्यक्रम.”

कोंढाळकरांनी खुर्ची मागे सारली. “साहेब, लग्नाला भवन देता येतं, त्याचा ठराव आहे. खताची पोती ठेवायला देता येतं, त्याचाही आहे. सांस्कृतिक कार्यक्रमाला द्यायची तरतूद नाही.”

“पण नाव सांस्कृतिक भवन आहे!”

“नाव योजनेचं आहे,” ते समजुतीच्या सुरात म्हणाले. “आणि खरं सांगू का, कार्यक्रम केले की भवन खराब होतं.”

मी खिडकीतून आत डोकावलो. आत औषध फवारायचे गंजलेले पंप होते, चाक निखळलेली कचऱ्याची गाडी होती, मतदानाची टेबलं पाय वर करून पडली होती, आणि सरपंचांच्या मेव्हण्याच्या मांडवाचे बांबू छतापर्यंत रचलेले होते. स्टेजवर एक कोंबडी अंडं उबवत बसली होती. तिला मात्र तरतुदीत बसवलं असावं.

आमच्या शेजारी रखमाजीअण्णा राहतात, निवृत्त तलाठी. सल्ला हा त्यांच्या पेन्शनचाच एक भाग आहे. ते कुंपणावरून म्हणाले, “तोंडी काय कामाचं न्हाई. अर्ज ठोका. जरा जड भाषेत ठोका. हलका अर्ज वाऱ्यानं उडतो.”

मी जड भाषेत ठोकला. टेलिफोन खात्यात तीस वर्षं काढल्यावर माणसाला दुसरं काही येत नाही. ‘प्रत्येक नागरिकाला आपल्या संस्कृतीत सहभागी होण्याचा हक्क असून, स्थानिक स्वराज्य संस्थेने त्या हक्काचे संवर्धन करणे अपेक्षित आहे, सबब सदर भवनावरील नागरिकांचा सांस्कृतिक हक्क मान्य व्हावा.’ वाचून माझे मलाच डोळे भरून आले. सरोज म्हणाली, “रविवारी गाणं आहे, किल्ली द्या, असं लिहिलं असतं तर?” बायकांना प्रशासनातलं कळत नाही, असं मी तेव्हा मनात म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी एसटीतून उतरतो तो लोक माझ्याकडे वळून बघायला लागले. न्हावी दुकानातून बाहेर आला. धोंडाबाई, म्हणजे आमच्या वॉर्डाच्या पंचायत सदस्य, भवनाच्या दारात आपली म्हैस बांधत होत्या. मला बघून त्यांनी म्हशीची दोरी आणखी आवळली.

घरी रखमाजीअण्णा वाट बघत होते. हलक्या आवाजात म्हणाले, “मधूसायेब, कागद काय हाय तुमच्याकडं? फेरफार झालाय का?”

“कसला फेरफार?”

“आता आमच्यापासून नका लपवू. भवनाच्या जागंवर हक्क सांगितलाय न्हवं तुमी?”

‘हक्क’ हा शब्द आमच्या तालुक्यात फक्त जमिनीला लागतो, हे मी विसरलो होतो. माझा अर्ज वाचून कोंढाळकरांनी बरोब्बर एकच शब्द उचलला होता. संध्याकाळपर्यंत गावात ठरलं होतं की टेलिफोनवाल्यानं गावठाणातली जागा गिळायला काढली आहे, त्याच्या आजोबांचं जुनं पत्र निघालं आहे, आणि आतून वकील लावला आहे. माझे आजोबा मिरजेचे. ते आयुष्यात कधी या तालुक्यात आले नव्हते. पण लोकांचा माझ्यावर असा काही विश्वास बसला की दोघा जणांनी येऊन, जागा सुटली की रस्त्याकडचा गाळा आपल्यालाच द्यायची गळ घातली. सन्मान म्हणाल तर तो मला कोंडघळात पहिल्यांदाच मिळत होता.

शेवटी मला मासिक सभेत खुलासा करायला बोलावलं. मधल्या खुर्चीत सरपंच चिमाजीराव. हेच चिमाजीराव काही वर्षांपूर्वी टेलिफोनच्या कनेक्शनसाठी माझ्या टेबलासमोर उभे राहून माझ्या तब्येतीची चौकशी करत. मग मोबाईल आले. आता ते माझ्याकडे असे बघतात, जसं लोक कोपऱ्यात ठेवलेल्या काळ्या डबड्या फोनकडे बघतात. टाकवत नाही, लागतही नाही.

मी खुलासा केला. जागा नको, भिंती नकोत, फक्त रविवारची एक दुपार हवी. सभेचा जीव भांड्यात पडला. धोंडाबाई म्हैस सोडायला उठल्यासुद्धा. चिमाजीराव खूश होऊन म्हणाले, “मंग आसं सरळ सांगायचं की! संस्कृतीच्या पाठीशी पंचायत कायम हाय. कोन गानार म्हनला?”

“फारूकभाई आणि गेनबा. त्यांचा सामना असतो, शिव मोठा की शक्ती मोठी यावर.”

धोंडाबाई परत खाली बसल्या.

“सामना?” कोंढाळकर म्हणाले. “म्हणजे भांडण?”

“गाण्यातलं.”

“एक गडी ह्या समाजाचा, एक त्या समाजाचा,” चिमाजीराव दाढी खाजवत म्हणाले, “आन देवावरनं भांडान. मला सांगा, ह्यात आपला कोन?”

“दोघंही आपलेच. फारूकभाई शिवाच्या बाजूनं गातात.”

“फारूक शिवाच्या बाजूनं?” चिमाजीराव खुर्चीत पुढे सरकले. “आन गेनबा शिवाच्या इरोधात? ह्ये भलतंच! बाजू बदलून घ्या.”

“बदलून चालत नाही. गुरूपासून आलेली बाजू असते.”

“मंग फारूकला तिसरी बाजू द्या एखांदी.”

भेदिक चावडीवर पिढ्यान्‌पिढ्या चाललं, कुणाच्या बापाचं काही बिघडलं नाही, हे मी सांगून पाहिलं. पण चावडीवर लोक ऐकायला बसत. इथं लोक जबाबदारी घ्यायला बसले होते, आणि त्यांतला एकही ती घेत नव्हता. बराच खल झाल्यावर कोंढाळकरांनी तोडगा काढला. कार्यक्रमाला परवानगी, पण प्रश्न आणि त्यांची उत्तरं आधी कार्यालयात जमा करावीत, आणि निकाल बरोबरीत लागेल असं लिहून द्यावं.

मी हे फाट्यावर जाऊन सांगितलं तेव्हा फारूकभाईंच्या हातातला चहा तसाच राहिला.

“मी पंधरा वर्साचा हुतो तवाधरनं शिवाच्या बाजूनं भांडतोय,” ते म्हणाले. “त्यानं मला कदी नको म्हनलं न्हाई. आता ह्यास्नी इचारू?”

गेनबांना राग दुसऱ्याच गोष्टीचा आला होता. “उत्तर आदीच जमा केल्यावर भेदिक कसलं? आन बरोबरीत कोन सोडवनार? म्या ह्याला हारवाया चाळीस वर्सं थांबलोय. लगीन लागायच्या आदी नवरा-नवरीला घरी लावून द्यायचा परकार झाला ह्यो!”

दोघंही सही करेनात. मग गुरुवारी कोंढाळकरांनी मला एकट्याला गाठून म्हटलं, “आयोजक म्हणून तुम्ही द्या लिहून, नाहीतर परवानगी नाही.” दौंडचा टेंपो सोमवारी सकाळचा ठरला होता. मी लिहून दिलं: ‘शिव आणि शक्ती यांपैकी कोणीही श्रेष्ठ ठरणार नाही, याची सर्वस्वी जबाबदारी माझी राहील.’ ऋषिमुनींना जे जमलं नाही ते मी ग्रामपंचायतीच्या शिक्क्याखाली मिटवलं. सही केल्यावर कोंढाळकर म्हणाले, “तारीख राहिली,” आणि मी तारीखही घातली.

एवढ्यावर भागतंय म्हणेपर्यंत चिमाजीरावांना कुणीतरी आठवण करून दिली की निवडणूक जवळ आली आहे. शुक्रवारी फाट्यावर एसटीच्या थांब्यावर कापडी फलक चढला. ‘कोंडघळ ग्रामसंस्कृती महोत्सव’. वर सरपंचांचा हात जोडलेला फोटो, त्याच्या आजूबाजूला बाकीच्या सदस्यांचे, खाली सरपंचांच्या मेव्हण्याचा. अगदी तळाशी बारीक अक्षरांत ‘भेदक सामना’. भेदिकाचं भेदक झालं होतं, आणि गाणाऱ्यांची नावं जागेअभावी गाळली होती. मात्र कोपऱ्यात, अर्जाला चिकटवलेल्या फोटोवरून मोठा करून छापलेला माझा चेहरा होता. मूळ फोटोवरचा गोल शिक्का तसाच माझ्या गालावर आला होता. खाली लिहिलं होतं, ‘स्वागतोत्सुक’. आमच्या कचेरीतले सगळे भोरहून सकाळच्या गाडीनं मुद्दाम तो फलक बघून गेले. त्यानंतर महिनाभर मला टेबलावर कुणी मधुसूदन म्हटलं नाही, ‘स्वागतोत्सुक’च म्हटलं.

रविवार उजाडला. भवन उघडलं. पंप, गाडी आणि टेबलं एका बाजूला ढकलून त्यांवर पडदा टाकला होता. कोंबडीला मात्र हलवता आलं नाही; ती स्टेजच्या कोपऱ्यात बसून राहिली, आणि पुढच्या सगळ्या प्रकारात स्टेजवर बसायचा खरा हक्क तिचाच आहे असं मला वाटत राहिलं. स्टेजवर खुर्च्या इतक्या होत्या की गाणाऱ्यांना उभं राहायला जागा नव्हती. “त्यांचा नंबर आला की एखादी खुर्ची काढू,” कोंढाळकर म्हणाले. फारूकभाई आणि गेनबा धुतलेले फेटे बांधून, बरोबर तुणतुणेवाले घेऊन, खाली पहिल्या ओळीत बसले होते. त्यांच्या मागे गावच्या बायका, बाप्ये, गुंजवण्याकडून मुद्दाम आलेली गेनबांची भावकी, महामार्गावरनं आलेली फारूकभाईंची सगळी मंडळी. फारूकभाईंची बायको हसीनाभाभी सरोजच्या शेजारी बसल्या होत्या.

पाहुणे उशिरा आले. मग भाषणं सुरू झाली. संस्कृती म्हणजे काय, ती कुठून आली, तिला कुणाकुणापासून धोका आहे, आणि आपल्या पंचायतीनं तिच्यासाठी किती गटारं बांधली, हे सगळं सांगून झालं. नंतर सत्कार. पाहुण्यांचा सत्कार, पाहुण्यांबरोबर आलेल्यांचा सत्कार, मांडववाल्या मेव्हण्याचा सत्कार, खुर्च्या लावणाऱ्याचा सत्कार. स्वागतोत्सुक म्हणून प्रत्येकाच्या हातात शाल-नारळ द्यायचं काम माझ्याकडे आलं होतं. फोटोवाला दरवेळी मला म्हणे, “काका, जरा बाजूला.”

मध्येच नारळ ठेवायला ताट कमी पडलं. स्टेजच्या पायरीजवळ गोल, पसरट, ताटासारखं काहीतरी ठेवलेलं होतं. सरपंचांच्या मेव्हण्यानं ते उचललं, त्यात नारळ रचले, आणि पाहुण्यांच्या हस्ते श्रीफळ वाढवलं तेही त्यातच. पाणी सगळं आत गेलं.

तो फारूकभाईंचा डफ होता.

फारूकभाई उठून पुढे आले. त्यांनी नारळ एकेक करून बाहेर काढले, खाली ठेवले, डफ उलटा करून पाणी झटकलं आणि कातड्यावर बोट मारलं. डफाचा आवाज आलाच नाही. ओल्या घोंगडीवर मारल्यासारखा धप्प झाला.

“आता तुमचंच हाय,” चिमाजीराव माईकवरून म्हणाले, “येळ कमी हाय, पाच मिंटात आटपा. आन ध्यानात हाय ना, बरोबरी!”

फारूकभाई वळले. डफ काखेत मारला आणि मागल्या दारानं बाहेर पडले. त्यांच्यामागून गेनबा. त्यांच्यामागून मी, कारण आत थांबायचं मला तोंड उरलं नव्हतं.

मागं पाहुण्यांच्या जेवणासाठी चूल पेटली होती. फारूकभाई तिच्याजवळ उकिडवे बसले आणि डफ जाळावर धरून हळूहळू फिरवायला लागले. लहान लेकराचं अंग शेकावं तसा. गेनबा त्यांच्या समोर बसले. कातडं ताणत होतं तसं फारूकभाई मधून मधून बोट मारून बघत होते. धप्प. मग धम्म. मग एकदा खणखणीत ठण्ण झालं, आणि गेनबांना राहवेना. बसल्या जागी त्यांनी आपल्या डफावर थाप टाकली.

“शक्तीवाचून शिव म्हंजी वातीवाचून दिवा,
तेल हाय, पणती हाय, उजेड कसा यावा?”

फारूकभाईंनी डफ चुलीवरून काढला. उभे राहिले. त्यांचा आवाज एवढा असेल असं मला वाटलं नव्हतं. गाद्यांच्या दुकानात तो कापसात मुरत असावा. तुणतुणं धावत आलं. त्यामागून बायका आल्या, भावकी आली, पत्रावळी लावणारे आले. माईक आत होता, त्यामुळे जो तो जवळ सरकला. उत्तराला उत्तर लागत गेलं. कोंढाळकर दारात येऊन उभे राहिले आणि दर कडव्याला ‘अहो’ म्हणत राहिले. आत पाहुणे आभाराचं भाषण ऐकत होते. त्यांच्यासमोर रिकामं भवन होतं आणि बाजूला ती कोंबडी होती.

ऊन उतरायला लागलं तेव्हा फारूकभाईंनी डफ छातीशी घेतला.

“नव्हता शिव, नव्हती शक्ती, नव्हतं आभाळ, नव्हती माती,
तवा आंधार जल्मला कुनाच्या पोटी?
सांग कलगीवाल्या, मंग जा पुढती!”

गेनबांनी थाप मारली. पुन्हा मारली. ओळ आली नाही. तोंड उघडलं, मिटलं. चुलीतलं लाकूड तडकलं तेवढाच आवाज.

“बरोबरी!” कोंढाळकर ओरडले. हातात माझा कागद होता. “बरोबरी झाली! साहेबांनी लिहून दिलंय!”

“गप ए!” गेनबा गरजले. इतका वेळ शोधत होते तो आवाज आता सापडला होता. त्यांनी डफाला बांधलेला कलगीचा गोंडा, म्हणजे आपल्या बाजूची खूण, सोडला आणि फारूकभाईंच्या डफाला बांधला. “हारलो म्या. समद्यांच्या देखत हारलो. ल्हिवून घ्या.” मग मान वर करून हसले. “लाज न्हाई वाटत मला. बरोबरीत सुटलं असतं तर वाटली असती.”

फारूकभाई गोंड्याकडे बघत राहिले. डोळे पुसले. भुवईवरचा कापूस डोळ्यात गेला म्हणाले. हसीनाभाभी पुढं आल्या आणि गेनबांना म्हणाल्या, “भाऊजी, आता ह्येंच्याशी घरात कोन भांडल?”

पंचायतीच्या अहवालात महोत्सव यशस्वी झाल्याची नोंद आहे. सामना बरोबरीत सुटला, सलोखा वाढला, आणि भवनाच्या वास्तूस कोणतीही हानी पोचली नाही. शेवटचं वाक्य मात्र खरं आहे. भवनात कुणी गायलंच नव्हतं.

सोमवारी सकाळी मी आणि सरोज फाट्यावर गेलो. टेंपोत खाट, पेट्या, कोयते, भांडी आणि गेनबा स्वतः. ड्रायव्हर घाई करत होता. तेवढ्यात फारूकभाई डफ घेऊन धापा टाकत आले.

“ह्यो गोंडा ठिव परत.”

“हारलेला गोंडा म्या घेत न्हाई.”

“आरं, मंग त्या सवालाचं काय? उत्तर तरी सांगून जा.”

“सापडलं की सांगीन.”

“दौंडहून कुनाला सांगशील?”

गेनबांनी फळी लावून घेतली. टेंपो सुरू झाला. फारूकभाई चार पावलं बाजूनं चालले, मग एकदम फळीला धरून चढायला लागले. एक पाय चाकावर, एक हवेत, डफ काखेत, आणि पुढं काही सरकेना. ड्रायव्हर शिव्या द्यायला लागला. हसीनाभाभी मागून ओरडल्या, “आवं, कुटं चाललाय? दुकान?”

“आलोच उत्तर घिऊन!”

गेनबांनी वाकून त्यांचं मनगट धरलं आणि आख्खा गडी वर ओढून घेतला.

“बघ लेका,” टेंपो वळणावर गेला तरी त्यांचा आवाज येत होता. “शक्तीबिगर तुजा शिव टेंपोत बी चढंना!”